उंदराच्या हृदयाचा एमआरआय कसा करावा

उंदराचं हृदय सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅमचं. भुलीखालीही ते मिनिटाला 450 ते 550 वेळा पडतं, म्हणजे एक ठोका जेमतेम 110 ते 130 मिलिसेकंदांचा. डाव्या जवनिकेची भिंत 1 मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा, सतत हलणाऱ्या अवयवाचं चित्र काढायचं म्हटल्यावर नवखे लोक सिक्वेन्सच्या (मशीनने चित्र घेण्याच्या ठरवून दिलेल्या क्रमाच्या) आकड्यांशी झटत बसतात. घोडं मात्र त्याआधीच अडलेलं असतं: जनावराचं तापमान, भुलीची खोली आणि ईसीजीची तार. या तीन गोष्टी जमल्या तर साधा फ्लॅश (झटपट चित्र घेणारा) सिक्वेन्सही मोजता येण्याजोगी चित्रं देतो. त्या जमल्या नाहीत तर कितीही महागड्या मशीनवर धूसर गोळाच दिसतो.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यातल्या फार्मसी आणि फिजिऑलॉजीच्या विद्यार्थ्यांना हृदयविकाराची प्राणी-मॉडेल नवी नाहीत. आयसोप्रोटेरेनॉल टोचून स्नायूला इजा करायची, अर्जुनाच्या सालीचा अर्क पाजायचा, शेवटी हृदय काढून टीटीसीने (जिवंत आणि मेलेला स्नायू वेगळा दाखवणाऱ्या रंगाने) रंगवायचं, हा रुळलेला रस्ता आहे. त्यात प्रत्येक टप्प्यासाठी वेगळे प्राणी मारावे लागतात आणि मेलेला उंदीर आधी कसा होता ते कळत नाही. एमआरआयमध्ये तोच उंदीर शून्याव्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी मोजता येतो. प्रत्येक प्राणी स्वतःशीच ताडून बघता येत असल्यामुळे कमी प्राण्यांत काम भागतं. इकोपेक्षा (हृदयाच्या सोनोग्राफीपेक्षा) याचा फायदा इन्फार्क्ट झालेल्या, म्हणजे रक्तपुरवठा तुटून स्नायूचा भाग मेलेल्या हृदयात जास्त दिसतो. एम-मोड इको एका रेषेवरून अख्ख्या जवनिकेचा आकार गृहीत धरतो, आणि एका बाजूने फुगलेल्या हृदयात ते गृहीतक कोसळतं. एमआरआय टोकापासून बुडापर्यंत एकेक काप मोजतो. निव्वळ टॅकसारख्या (महाधमनी आवळून हृदयावर दाब वाढवण्याच्या) मॉडेलमध्ये भिंत किती जाड झाली एवढंच बघायचं असेल तर इकोवर भागवा. मशीनचा वेळ महाग आहे.

परवानगी आणि प्रवास

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा 1960 चा. त्याखालच्या केंद्रीय समितीला आता सीसीएसईए म्हणतात, पूर्वीची सीपीसीएसईए तीच. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे फॉर्म बी भरताना किती वेळा भूल देणार, एका वेळी किती मिनिटं, गॅडोलिनियम (मेलेला स्नायू उजळ दाखवणारं औषध) किती, हे सगळं स्पष्ट लिहा. 'इमेजिंग केलं जाईल' एवढ्या एका ओळीवर मंजुरी घेतली तर तिसऱ्या स्कॅनच्या वेळी सुधारित अर्ज करण्याची पाळी येते. स्कॅन दुसऱ्या संस्थेत असेल तर दोन्हीकडच्या समित्यांची मंजुरी आधी हातात घ्या.

प्राणी पुण्याला किंवा बेंगळुरूला न्यायचे झाले तर राष्ट्रीय महामार्ग 48 वरून पुणे साधारण 340 आणि बेंगळुरू 500 किलोमीटर. एप्रिल-मेमध्ये रात्रीचा प्रवास ठेवा. पिंजऱ्यात पाण्याची बाटली लावू नका. ती हिंदकळून गळते, भुसा ओला होतो आणि उंदीर गारठतात. तिच्याऐवजी पाण्याचं जेल ठेवा. पोहोचल्यावर किमान 7 दिवस स्थिरावू द्या, मगच पहिला स्कॅन. एलएडी (हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी) धमनी बांधलेले उंदीर पहिल्या आठवड्यात हलवूच नका. तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान मेलेला स्नायू मऊ पडतो आणि भिंत फुटून उंदीर दगावतात. शक्य असेल तर शस्त्रक्रियाच स्कॅनच्या ठिकाणी करावी.

कानातले धातूचे टॅग काढून टाका. ओळख कानाच्या खाचेने किंवा टॅटूने ठेवा. छातीवर धातूच्या क्लिपा नकोत. रेशीम किंवा प्रोलीनचा टाका चालतो. खोलीत न्यायचा ऑक्सिजन सिलिंडर अॅल्युमिनियमचाच हवा. लोखंडी सिलिंडर चुंबकाच्या खोलीत जाता कामा नये, मग तो रिकामा का असेना.

मशीन कोणतं

उंदरासाठी 7 किंवा 9.4 टेस्लाचं छोट्या बोअरचं (चुंबकाच्या पोकळीचं) मशीन आणि उंदराच्या मापाची कॉइल (सिग्नल पकडणारं वेटोळं). गावातल्या हॉस्पिटलचा 1.5 किंवा 3 टेस्लाचा एमआरआय वापरता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. खास छोटी कॉइल लावून 3 टेस्लावर उंदराच्या हृदयाची चित्रं काढली गेली आहेत, पण माणसाच्या मशीनचे ग्रेडिएंट (चित्रातली जागा ठरवण्यासाठी चुंबकक्षेत्र बदलणारी वेटोळी) कमी ताकदीचे असतात आणि त्यांचं ईसीजी सॉफ्टवेअर माणसाच्या ठोक्यांसाठी बनवलेलं असतं. 500 चा वेग ते पकडत नाही. शिवाय जिथे पेशंट झोपतात तिथे प्राणी न्यायचा तर वेगळी परवानगी आणि निर्जंतुकीकरण आलं. बेळगावात बसून करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे काढलेलं हृदय. ते 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये पक्कं करून इमेजिंग सेंटरला पाठवता येतं. स्कॅनआधी सलाइनमध्ये एक-दोन दिवस धुवून घ्या, कारण फॉर्मॅलिन टी2 (सिग्नल विरण्याचा वेळ) आखूड करतं आणि सिग्नल घटतो. मग फॉम्ब्लिनसारख्या प्रोटॉन नसलेल्या द्रवात बुडवून रात्रभर स्कॅन लावा. ठोका नाही, श्वास नाही, त्यामुळे बारीक तपशील सुंदर येतो. त्यातून हृदयाचं काम मात्र कळत नाही.

भूल

पेटीत 3 ते 4 टक्के आयसोफ्लुरेन, मग नोज कोनवर 1 ते 1.5 टक्के, ऑक्सिजन मिनिटाला 0.5 ते 1 लिटर. केटामीन-झायलाझीनचा मोह टाळा. झायलाझीनने ठोके 200-300 पर्यंत उतरतात आणि निरोगी उंदीरही हृदय निकामी झाल्यासारखा दिसतो.

पेटीखाली आधीच हीटिंग पॅड हवा. एवढ्याशा शरीरातून उष्णता झपाट्याने जाते आणि पाण्याने थंड ठेवलेल्या ग्रेडिएंटच्या नळीत तर आणखीच. गुदद्वारातला तापमापक 36.5 ते 37.5 अंशांच्या मध्ये राहिला पाहिजे. तो 35 च्या खाली गेला की ठोके मंदावतात आणि ठोके मंदावले म्हणून माणूस भूल कमी करतो. मग उंदीर अर्धवट शुद्धीत येऊन श्वास जोरात घेऊ लागतो. चूक तापमानाची असते आणि हात जातो व्हेपोरायझरवर (भुलीचं प्रमाण ठरवणाऱ्या यंत्रावर). म्हणून क्रम पाळा: आधी तापमान बघा, मग श्वास, मग भुलीची टक्केवारी.

श्वास मिनिटाला 40 ते 70 ठेवा. 100 च्या वर गेला तर भूल हलकी. 30 च्या खाली जाऊन उंदीर आचके दिल्यासारखा श्वास घेऊ लागला तर भूल खोल. बदल 0.25 टक्क्यांच्या पायरीने करा आणि दोन-तीन मिनिटं थांबून परिणाम बघा. एका झटक्यात 1.5 वरून 2.5 केलं की ठोके कोसळतात आणि पुढची 15 मिनिटं वाया जातात.

डोळ्यांना मलम लावा. उंदराला उलटी होत नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवण्याची गरज नाही. पण अर्क पाजण्याची वेळ स्कॅनच्या लगेच आधी नको. भरलेलं पोट श्वासपटलाला वर ढकलतं, आणि नेहमीच्या खाद्यातल्या मँगनीजमुळे पोटातला ऐवज टी1 चित्रात चकाकतो. स्कॅन तासाच्या वर जाणार असेल तर 25 ग्रॅमच्या उंदराला 0.25 मिली कोमट सलाइन कातडीखाली द्या.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आयसोफ्लुरेन स्वतःच हृदयाचं आकुंचन कमी करतं. उपचार दिलेल्या गटाचे ठोके 520 आणि नियंत्रण गटाचे 410 असतील, तर इजेक्शन फ्रॅक्शनमधला (एका ठोक्याला जवनिकेतलं किती टक्के रक्त बाहेर पडतं त्यातला) फरक औषधाचा की भुलीचा, हे कुठलंही सांख्यिकीचं गणित सांगू शकणार नाही. म्हणून ठोक्यांची ठरावीक पट्टी आधीच ठरवा, उदाहरणार्थ 450 ते 520, आणि प्रत्येक उंदीर त्या पट्टीत आल्यावरच सिने (एका ठोक्याची हलती चित्रमालिका) सुरू करा. प्रत्येक स्लाइससोबत (कापासोबत) ठोके, श्वास, तापमान आणि आयसोफ्लुरेनची टक्केवारी लिहून ठेवा. एका सकाळी फक्त नियंत्रण गट आणि दुपारी फक्त उपचार गट असंही करू नका. आलटून पालटून घ्या.

ईसीजी आणि श्वास

सुईच्या इलेक्ट्रोडांपैकी दोन पुढच्या दोन्ही पायांच्या कातडीखाली आणि एक मागच्या डाव्या पायात. सुई चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूची. तारा एकमेकींत घट्ट पिळून, सरळ, बोअरच्या मधोमध बाहेर काढा. तारेचं वेटोळं राहिलं तर त्यात वीज उत्पन्न होते. मग सिग्नलमध्ये खरखर येते, आणि वाईट वेळी उंदराचा पाय भाजतो. सुया एकदा टोचल्यावर कागदी टेपने पाय बेडला चिकटवा, पण ताणू नका. पुढचे पाय ताणले की छाती चपटी होते आणि श्वास अडतो. श्वासासाठी हवेची छोटी उशी पोटाखाली, बरगड्यांच्या किंचित मागे. ती फार पुढे ठेवली तर हृदयाचे ठोकेच श्वासासारखे नोंदले जातात.

बाहेर छान दिसणारा ईसीजी चुंबकात गेल्यावर बदलतो. चुंबकात वाहणाऱ्या रक्तामुळे स्वतंत्र विद्युतदाब तयार होतो, ईसीजीतली टी लहर फुगते आणि कधी आर लहरीएवढी (ठोक्याच्या टोकदार खुणेएवढी) उंच होते. ट्रिगर (आर लहर दिसताच स्कॅनला मिळणारा इशारा) मग एका ठोक्याला दोनदा वाजतो. याला दोन उपाय आहेत. आर सर्वांत टोकदार दिसेल अशी इलेक्ट्रोडांची जोडी निवडा आणि गरज पडली तर उलट ध्रुव करून बघा. त्याने भागलं नाही तर ब्लँकिंगचा वेळ लावा: ट्रिगर वाजल्यावर पुढचे 80-90 मिलिसेकंद यंत्राने दुसरी लहर मोजायचीच नाही. ग्रेडिएंटची खरखर आर समजून मोजली जाण्यावरही हाच उतारा. ब्लँकिंग ठोक्याच्या कालावधीपेक्षा जास्त झालं तर दर दुसरा ठोका हुकतो आणि स्कॅनचा वेळ दुप्पट होतो.

फ्रेमांची (एका ठोक्यात घ्यायच्या चित्रांची) संख्या ठरवताना नेमकी हीच चूक होते. ठोका 120 मिलिसेकंदांचा, टीआर (दोन पल्समधला वेळ, इथे एका फ्रेमचा वेळ) 7 मिलिसेकंद. मनात येतं, 17 फ्रेम बसतील. 17 गुणिले 7 म्हणजे 119. मध्येच ठोका 115 वर आला की सतरावी फ्रेम संपण्याआधीच पुढची आर लहर येऊन जाते, ती हुकते आणि स्कॅन रेंगाळतो. 14 फ्रेम घ्या, 98 मिलिसेकंद. उरलेले वीसेक मिलिसेकंद मोकळे ठेवा. डायस्टोलचा (हृदय सैल होऊन भरण्याच्या काळाचा) शेवट आर लहरीजवळच्या पहिल्या फ्रेममध्ये मिळतोच, त्यामुळे काही गमावत नाही.

मिनिटाला 50 श्वास असतील तर एक श्वासचक्र 1.2 सेकंदांचं. त्यातले छाती हलण्याचे 350-400 मिलिसेकंद टाकले तर शांत काळात सहा-सात ठोके मिळतात. त्या टाकलेल्या काळातही आरएफ पल्स चालू ठेवा, फक्त डेटा घेऊ नका. पल्स थांबवले तर चुंबकन सावरतं आणि श्वासानंतरचा पहिला ठोका उजळ येतो, त्यातून चित्रावर भुताटकी रेषा उमटतात.

ईसीजी अजिबातच मिळत नसेल तर सेल्फ-गेटिंगचा सिक्वेन्स आहे. त्यात हृदयाची आणि श्वासाची हालचाल सिग्नलमधूनच ओळखली जाते आणि डेटा नंतर लावला जातो. मोठा इन्फार्क्ट असलेल्या उंदरांत आर लहर खुजी होते, तिथे हा मार्ग खरोखर कामाला येतो. ठोके अनियमित असतील तर मात्र दोन्ही मार्गांनी चित्र बिघडतं.

पावसाळ्यात आपल्या भागात वीज दिवसातून कितीदा तरी डचमळते. मॉनिटर, हीटर आणि कॉम्प्युटर यूपीएसवर हवेत. वीज गेली तर आधी उंदीर बाहेर काढून गरम ठेवा, स्कॅनचं नंतर बघू.

स्लाइस बसवणं

तिन्ही दिशांची झटपट चित्रं घ्या. आडव्या चित्रावर जवनिकेचं टोक आणि मायट्रल झडपेचा मध्य जोडणारी रेषा काढा. त्या रेषेवर दोन कप्प्यांचं चित्र मिळतं. त्यावरही तीच रेषा पुन्हा बसवली की चार कप्पे दिसतात. या दोन्ही लांब-अक्षाच्या चित्रांवर काटकोनात आखूड-अक्षाच्या 1 मिलिमीटर जाडीच्या स्लाइस लावा, मध्ये फट नको. 7 ते 9 स्लाइसमध्ये अख्खी जवनिका बसते. रेषा थोडी तिरपी लागली तरी गोल दिसणारी जवनिका लंबगोल होते आणि भिंत खरीपेक्षा जाड मोजली जाते. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

हृदयाभोवती हवा भरलेली फुप्फुसं असल्यामुळे चुंबकक्षेत्र वेडंवाकडं होतं, म्हणून शिम (क्षेत्र एकसारखं करण्याची जुळणी) फक्त हृदयापुरत्या डब्यावर करा. माणसात सर्रास वापरतात तो एसएसएफपी सिक्वेन्स जास्त टेस्लाच्या चुंबकक्षेत्रावर काळे पट्टे टाकतो. फ्लॅशच बरा.

सिनेचे आकडे: टीई (पल्सनंतर सिग्नल घेण्यापर्यंतचा वेळ) 1.5 ते 2.5 मिलिसेकंद, टीआर 6 ते 8, फ्लिप (पल्सने चुंबकन कलण्याचा कोन) 15 ते 20 अंश, चित्राचं क्षेत्र 25.6 मिलिमीटर, मॅट्रिक्स 256 असेल तर एक पिक्सेल 0.1 मिलिमीटरचा. एका स्लाइसला लागणारा वेळ काढणं सोपं आहे: 192 ओळी (दर ठोक्याला डेटाची एकच ओळ भरते), 4 सरासऱ्या, ठोका 0.12 सेकंद, गुणाकार 92 सेकंद. श्वासात वाया गेलेला तिसरा हिस्सा धरला की सव्वादोन-अडीच मिनिटं. 8 स्लाइसना वीस मिनिटं.

मेलेला स्नायू दाखवणं

गॅडोलिनियमचा डोस उंदराला किलोमागे 0.3 ते 0.6 मिलिमोल, माणसापेक्षा कितीतरी जास्त. हिशेब असा: 25 ग्रॅमचा उंदीर, 0.5 मिलिमोल दराने 0.0125 मिलिमोल. बाटली 0.5 मोलरची असेल तर 25 मायक्रोलिटर. एवढंसं अचूक टोचणं अवघड, म्हणून एकास चार सलाइन मिसळून 125 मायक्रोलिटर करा. बाटली आधी वाचा. गॅडोब्युट्रॉल 1 मोलरचं येतं, त्यात हाच हिशेब निम्मा होतो.

शेपटीच्या शिरेतून दिलं तर 10 ते 20 मिनिटांत चित्र, पोटात टोचलं तर 20 ते 40 मिनिटांत. शिरेच्या लांब नळीत राहणारं सलाइन मोजायला विसरलात तर अर्धा डोस नळीतच अडकतो. निरोगी स्नायू काळा पडेल असा इन्व्हर्जन टाइम (चुंबकन उलटवल्यापासून चित्र घेण्यापर्यंतचा वेळ) शोधा. गॅडोलिनियम बाहेर पडत जातं तसा तो बदलतो, म्हणून दर पाच-सात मिनिटांनी पुन्हा जुळवा. पहिल्या एक-दोन दिवसांत सुजेमुळे इन्फार्क्ट खऱ्यापेक्षा मोठा दिसतो. डाग केवढा आहे हे ठामपणे सांगायचं असेल तर सातव्या दिवसानंतरचा स्कॅन धरा. दूरच्या निरोगी स्नायूच्या सरासरीपेक्षा पाच प्रमाण विचलनं उजळ असलेले पिक्सेल इन्फार्क्टमध्ये मोजण्याची पद्धत रुळलेली आहे.

पूर्ण सत्र 90 मिनिटांत उरका. त्यानंतर गरम पिंजऱ्यात एकट्याला ठेवून चालू लागेपर्यंत लक्ष ठेवा.

मॉडेलप्रमाणे थोडं सांभाळायचं असतं. आयसोप्रोटेरेनॉलची शेवटची सुई आणि स्कॅन यांत किमान 24 तास जाऊ द्या, नाहीतर औषधाने वाढलेले ठोकेच मोजले जातात. डॉक्सोरुबिसिन पोटात टोचलेल्या उंदरांच्या पोटात पाणी होतं, श्वास बिघडतो. शक्य असेल तर शिरेतून द्या. टॅकमध्ये आधी हृदयाचं वजन वाढतं, इजेक्शन फ्रॅक्शन नंतर घसरतो. दुसऱ्या आठवड्यात फक्त फ्रॅक्शन बघून 'परिणाम नाही' असा निष्कर्ष काढू नका.

मोजमाप

गट माहीत नसलेल्या माणसाने रेषा काढाव्यात. आतली रेषा पॅपिलरी स्नायू जवनिकेतच धरून काढायची की वगळून, हे एकदा ठरवा आणि शेवटपर्यंत तसंच करा. स्लाइस 1 मिलिमीटरची असल्याने 10 चौरस मिलिमीटर क्षेत्र म्हणजे थेट 10 मायक्रोलिटर. सगळ्या स्लाइसची बेरीज म्हणजे आकारमान. डायस्टोलअखेर 60, सिस्टोलअखेर 22 असेल तर स्ट्रोक व्हॉल्यूम 38 मायक्रोलिटर, इजेक्शन फ्रॅक्शन 63 टक्के, आणि 480 ठोक्यांना मिनिटाला साधारण 18 मिलिलिटर रक्त. निरोगी उंदराचे आकडे याच घरात यायला हवेत. निरोगी उंदराचा फ्रॅक्शन 45 आला तर औषधाच्या आधी भुलीची नोंदवही उघडा. बाहेरच्या आणि आतल्या आकारमानांतला फरक गुणिले 1.05 म्हणजे भिंतीचं वजन मिलिग्रॅममध्ये.

रेषा एका पिक्सेलने सरकली तर काय होतं ते बघा. जवनिकेची त्रिज्या 1.8 मिलिमीटर असेल तर क्षेत्र 10.2 चौरस मिलिमीटर. 1.9 धरली तर 11.3. म्हणजे केवळ 0.1 मिलिमीटरने 11 टक्के फरक पडला. त्यामुळे दहा टक्क्यांहून लहान फरकावर दावा करण्याआधी त्याच माणसाकडून तेच उंदीर आठवड्याने पुन्हा मोजून घ्या आणि त्याच्या दोन मोजमापांतलं अंतर अहवालात द्या. सगळ्यांत जास्त गोंधळ बुडाच्या स्लाइसमध्ये होतो, कारण आकुंचन पावताना झडपेची पातळी खाली सरकते आणि डायस्टोलमध्ये जवनिका असलेली स्लाइस सिस्टोलमध्ये कर्णिकेत जाते. निम्म्याहून जास्त परीघ स्नायूचा दिसला तरच ती स्लाइस त्या फ्रेमसाठी मोजा, नाहीतर सोडा.

आपल्याकडे सहज मिळणारे स्विस अल्बिनो उंदीर एकसारख्या जनुकांचे नसतात, त्यांच्या वजनांत फरक पडतो. आकडे शरीराच्या वजनाने भागून द्या. मात्र चरबीचा आहार दिलेल्या गटात वजनाने भागलं की मोठं झालेलं हृदयही नेहमीच्या मापाचं दिसतं. तिथे शेवटी नडगीचं हाड काढून त्याच्या लांबीने भागा.